बारावा बोगदा

चष्मेवाली आणि लिफ्टवाला यांच्या घरातून दर रविवारी दुपारी एक गाडी सुटायची. घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस स्वतः मात्र साठ पायऱ्या चढून घरी येतो, हा विनोद इमारतीतल्या प्रत्येकाने निदान एकदा केलेला होता, आणि तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं प्रत्येकाला वाटायचं. लिफ्टवाला दर वेळी हसायचा. तो हसतो म्हणून त्याची बायकोही हसायची. तर त्या घराच्या बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या खिडकीकडे तोंड करून मांडल्या जायच्या, मधल्या स्टुलावर डबा यायचा, आणि बरोबर दोन वाजून दहा मिनिटांनी लिफ्टवाला म्हणायचा, "सुटली!"

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे फारशी संधी मिळणार नाही. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी लिफ्टवाल्याला रद्दीच्या दुकानात एक पातळ पुस्तक सापडलं होतं. डोंगरातून जाणाऱ्या एका रेल्वेमार्गाचं. स्टेशनं किती, कोणतं किती उंचीवर, पूल किती, गाडी कुठे किती मिनिटं थांबते, सगळं त्यात बारीक टायपात दिलेलं. गाडी साडेचार तास डोंगर चढते, बारा बोगद्यांतून जाते आणि बाराव्यातून बाहेर पडली की समोर सरोवर. तिथेच रूळ संपतात. "आपण जायचं," असं तो त्या दिवशी म्हणाला आणि तीही "जायचं," म्हणाली. त्या एका शब्दावर अठ्ठावीस वर्षं गेली.

जाणं होईना म्हणून खेळ सुरू झाला. खेळाला नियम होते. पुस्तक ज्याच्या हातात, त्याने बोगदा आला की "बोगदा" म्हणायचं. दुसऱ्याने डोळे मिटून हात पुढे करायचा. हातावर संत्र्याची एक फोड पडायची, ती अंधारात खायची. पुस्तकवाल्याने "संपला" म्हटलं की मगच डोळे उघडायचे. आधी उघडले तर गाडीतून उतरवतात. पुस्तक कायम लिफ्टवाल्याकडे. चष्मेवाली आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांना अक्षरं वाचायला लावायची, त्यामुळे रविवारी तिला अक्षर डोळ्यांसमोर नको व्हायचं. डोळे मिटायचं काम तिच्याकडे आलं ते असं, आणि ते तिला फार आवडायचं.

संत्र्याला फोडी निघायच्या दहा, फार तर अकरा. बाराव्या बोगद्यासाठी दुसरं संत्रं सोलावं लागायचं आणि लिफ्टवाला त्यावर दर रविवारी कुरकुर करायचा. दुसऱ्या संत्र्याच्या उरलेल्या फोडी मग दोघं सरोवर बघत खायची. सरोवर म्हणजे पलीकडच्या इमारतीची पाण्याची टाकी. डब्यात उकडलेली अंडी, लोणी लावलेला पाव, मीठ लावलेली काकडी. हेच जेवण टेबलावर बसून खाल्लं असतं तर घशाखाली उतरलं नसतं, पण गाडीत माणसाला भूक लागतेच.

प्रवासाचे पैसे चष्म्याच्या एका हिरव्या कडक डबीत साठायचे. डबी भरत आली की काहीतरी उपटायचंच. एकदा त्याच्या बहिणीचं बाळंतपण, एकदा हिची दाढ, एकदा गळकं छत. एकदा तर कंपनीने सात महिने पगारच दिला नाही. डबी रिकामी झाली की लिफ्टवाला तिचं झाकण खटकन लावून म्हणायचा, "बोगदा." ती म्हणायची, "संपेल." झालं, एवढंच. अशा वेळी लोक नशिबाला बोल लावतात, एकमेकांची उणीदुणी काढतात. यांच्या घरात त्या जागी हा एक शब्द होता.

आणि मग ते वर्ष आलं. पाचव्या महिन्यात मूल गेलं, आणि पुन्हा होणार नाही हेही डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगून टाकलं. चष्मेवाली भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बायका आल्या, समजूत घालून गेल्या. लिफ्टवाल्याला समजूत घालता येत नव्हती. तो पलंगाच्या कडेला बसला आणि म्हणाला, "बोगदा आहे. मोठा आहे. तू डोळे मिटून घे, पुस्तक मी धरलंय. संपला की सांगतो." अडीच महिन्यांनी एका सकाळी चहाचा कप पुढे करत तो हळूच म्हणाला, "संपला बहुतेक." आणि ती उठून बसली. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर तिने तो कप भिंतीवर फोडला असता.

आणखी एक नियम होता. सरोवराचं चित्र बघायचं नाही. फोनवर एका बोटासरशी सगळं जग दिसायला लागलं तेव्हा भाच्याने दाखवायला फोन काढला, तर दोघांनीही एकदम डोळ्यांवर हात घेतले. दुकानात एका वर्षी त्याच सरोवराचं कॅलेंडर आलं. चष्मेवालीने डोळे मिटूनच त्यावर 'उधारी बंद' अशी पाटी चिकटवून टाकली. मालक ओरडला, पण पाटी वर्षभर हलली नाही. बघायचं ते प्रत्यक्ष, आणि दोघांनी एकदम.

यंदा डबी भरली आणि काहीच उपटलं नाही. दोघंही महिनाभर जीव मुठीत धरून होती, आता काय मोडतंय, कोण आजारी पडतंय. काहीच झालं नाही. तेव्हा लिफ्टवाल्याने तिकिटं काढून आणली, समोरासमोरच्या दोन खिडक्यांची. चष्मेवालीने ती दुकानात नेऊन मालकाला दाखवली, शेजारच्या औषधवाल्याला दाखवली, आणि रस्त्यात भेटलेल्या पोस्टमनलाही दाखवली.

निघायला तेरा दिवस राहिले असताना शेवटचा खेळ झाला. लिफ्टवाल्याने संत्रं सोललं, फोडी बशीत मांडल्या, मोजल्या आणि खूश होऊन म्हणाला, "अकरा! वा, बरोबर पुरल्या."

चष्मेवालीच्या कानावरून ते गेलं. अकरा फोडी अकरा बोगद्यांत संपल्या. ती बाराव्यासाठी हात पुढे करून, डोळे मिटायच्या तयारीत बसली. लिफ्टवाल्याने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि खिडकीकडे बोट केलं. "आलं बघ सरोवर. डावीकडे."

"आणि बारावा?"

"अं?"

"अहो, बारावा बोगदा. गिळलात की काय?"

"अरेच्चा! हो की. विसरलोच बघ. वय झालं." त्याने घाईघाईने पुस्तक उघडलं, दुसरं संत्रं सोलायला घेतलं. रस त्याच्या चष्म्यावर उडाला. तिने पदराच्या टोकाने काच पुसून दिली आणि ती हसलीसुद्धा. रविवार नेहमीसारखा गेला.

सोमवारी दुकानात एक बसचालक आला. साठीकडे झुकलेला, परवान्यासाठी नजरेचा दाखला हवा असलेला. मालकाने त्याला चष्मेवालीकडे पाठवलं. तिने त्याच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि समोरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. "काका, सगळ्यात खालची ओळ वाचा."

काकांनी खालची ओळ घडाघडा म्हणून दाखवली. वरची दाखवली. त्याच्या वरचीही.

पंचवीस वर्षं हे काम करणाऱ्या बाईला काय कळायचं ते कळलं. वाचणाऱ्याची नजर अडखळते, अक्षर शोधते, चुकली की माघारी येते. पाठ करून आलेल्याची नजर तक्त्यावर नुसती टेकलेली असते, भिंतीला टेकून उभं राहावं तशी. तिने तक्ता पालटला. मागच्या बाजूला दुसरी अक्षरं होती. काकांनी त्यावरही आधीचीच ओळ म्हणून दाखवली, तितक्याच जोरात.

"काका, तक्ता दुसरा आहे."

काकांचं तोंड एवढंसं झालं. "फसवायचं नव्हतं हो ताई. चाललंय ते चालू राहावं, एवढंच."

चष्मेवाली त्यांना रागावणार होती. पण तिच्या डोळ्यांपुढे एकाएकी आपली बाहेरची खोली उभी राहिली. लिफ्टवाला आधी पुस्तक वाचताना ओळीवरून बोट फिरवायचा. टाइप बारीक, त्याचा नंबर वाढलेला, बोटाशिवाय त्याला जमायचंच नाही. ते बोट बरेच दिवस फिरत नव्हतं. पुस्तक मांडीवर उघडं असायचं आणि नजर त्याच्यावर नुसती टेकलेली असायची. तिला वाटलं होतं, इतक्या वर्षांत पाठ झालं असेल. पण मग पाठ झालेल्यात बारावा बोगदा कसा नाही?

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा लिफ्टवाला मोरीत हातांचं ग्रीस घासून काढत होता. तिने पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि सहज विचारावं तसं म्हणाली, "मी काय म्हणते, गुडघ्याचा पट्टा घेऊ का बरोबर? स्टेशनातून पाण्यापर्यंत उतरायला शंभरेक पायऱ्या आहेत ना."

"छे गं! पायऱ्या कुठल्या? सरळ उतार आहे. कठडा धरून मजेत उतरशील."

नळ चालू होता. मग नळ बंद झाला. पुस्तकात पायऱ्याही नव्हत्या आणि उतारही नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

"तक्ता दुसरा आहे," चष्मेवाली म्हणाली.

"काय?"

"कधी गेला होतात?"

लिफ्टवाला हात न पुसताच बाहेर आला. खुर्चीवर बसला, पुन्हा उठला. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये माणसं अडकली की तो वरून त्यांच्याशी एका ठरावीक आवाजात बोलतो. सावकाश, खालच्या पट्टीत, घाबरू नका, मी इथेच आहे, असा. त्या आवाजाबद्दल लोक कंपनीला पत्रं लिहून आभार मानतात. तोच आवाज त्याने आता काढला. "हे बघ, आधी शांत बस. काही विशेष नाही. दोन वर्षांपूर्वी मी ट्रेनिंगला गेलो होतो ना तीन दिवस? ते ट्रेनिंग नव्हतं. तिथल्या हॉटेलची लिफ्ट बंद पडली होती. कंपनीने धाडलं. काम केलं आणि आलो."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तुला वाईट वाटलं असतं."

वाईट तर चष्मेवालीला आत्ताही वाटलं होतं. पण ती समजूतदार बाई होती, जरा जास्तच. कंपनीने धाडल्यावर माणूस काय करणार, असा विचार तिच्या मनात येऊनही गेला. तिने विचारलं, "एकटेच होतात?"

"एकटाच. अगदी शपथ घेऊन सांगतो."

इथे तो थांबला असता तर कदाचित निभावलं असतं. पण नवरे लोकांना एक खोड असते. आधी खोटं बोलताना ताकास तूर लागू देत नाहीत, आणि एकदा खरं सांगायला लागले की कुठे थांबावं ते त्यांना कळत नाही. "पास दोघांचा होता," तो म्हणाला. "लांबचं काम असलं की कंपनी सोबत एकाला नेऊ देते. पण मी एकटाच गेलो. बाराव्या बोगद्याचं छत ढासळलं होतं म्हणून पाडून टाकलंय. आता तिथे नुसत्या दोन भिंती आहेत, वर आभाळ, आणि डावीकडची भिंत संपली की लगेच..."

"पास दोघांचा होता?"

त्याने ओले हात पँटला पुसले.

"माझी सुट्टी विचारलीत का? नाही. मी नको होते तुम्हाला."

"तसं नाही गं." अडकलेल्यांचा तो आवाज आता गेला होता, त्याचा रोजचा, जरासा चिरका आवाज उरला होता. "मला ते एकदा नुसतं बघायचं होतं. आपण त्या पाण्याचं केवढं करून ठेवलंय बघ. तू बरोबर असतीस तर मी पाण्याकडे कुठला बघतोय? तुझ्याच तोंडाकडे बघत बसलो असतो. आवडतंय का, हिरमुसली तर नाही ना. मला एकदा कुणाला काही सांभाळायचं नव्हतं. तीन दिवस."

हे खरं होतं. चष्मेवालीला ते ऐकताक्षणी कळलं, आणि खरं असल्यामुळेच ते जास्त लागलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "तीन दिवस तुमचे. आणि मग दोन वर्षं दर रविवारी काय चाललं होतं?"

"तुला किती आवडतं ते मला माहीत आहे. बंद कसं करणार?"

"मी डोळे मिटून बसायचे," चष्मेवाली म्हणाली. "तुमच्या भरवशावर. आणि तुम्ही बघून आलेलं मला वाचून दाखवत होतात."

तिने उठून कपाट उघडलं. ट्रेनिंगहून येताना त्याने तिच्यासाठी लॉजवरचा एक साबण आणला होता, कागदावर होडीचं चित्र असलेला. वापरून संपवायचा जीव झाला नाही म्हणून तिने तो कपड्यांच्या घडीत ठेवला होता. "हा तिथला?" तिने विचारलं. त्याने नुसती मान हलवली. दोन वर्षं तिच्या सगळ्या कपड्यांना त्या गावाचा वास येत होता आणि तिलाच ते ठाऊक नव्हतं. तिने साबण कागदासकट कचऱ्याच्या डब्यात टाकला.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. चहा होत होता, डबे भरले जात होते. दुसरी बाई असती तर निदान शेजारणींजवळ मन मोकळं करता आलं असतं. त्यांनी तिला पोटाशी धरलं असतं आणि त्याला शिव्या घातल्या असत्या. पण 'नवरा माझ्याआधी सरोवर बघून आला' हे कुणाला सांगणार? लोक म्हणणार, मग काय झालं? मालकाला तिचा चेहरा बघून राहवलं नाही. "ताई, घरी काही बिघडलंय का?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "नाही हो, प्रवासाची धांदल."

सगळ्यात वाईट म्हणजे संशयाची कीड मागे मागे सरकत चालली होती. ते दोन वर्षांचे रविवार गेले तर गेले. पण दुकानात काचा पुसताना तिला एकदम आठवलं, पुस्तक मी धरलंय, संपला की सांगतो. तेव्हा तरी तो तिच्याबरोबर अंधारात होता का? की तेव्हाही तो डोळे उघडे ठेवून, बाहेर कुठेतरी उन्हात बसलेला होता आणि तिला फक्त सांभाळत होता? आयुष्यातली जी एक गोष्ट तिने कधी तपासून पाहिली नव्हती, तीही आता तक्त्यासमोर येऊन बसली. त्या दिवशी तिच्या हातून दोन काचा फुटल्या.

निघायच्या आदल्या दिवशी ती स्टेशनवर तिकीट रद्द करायला गेली. रांगेत अर्धा तास उभी राहिली. खिडकीतल्या माणसाने तिकिटं उलटीपालटी करून विचारलं, "दोन्ही की एक?" मागच्या माणसाने खाकरून दाखवलं. चष्मेवालीने तिकिटं परत पर्समध्ये टाकली. डबीतल्या अर्ध्या पैशांवर तिच्या दुखत्या मानेचा, उभं राहून सुजलेल्या पायांचा हक्क होता. ती का म्हणून घरी बसेल?

सकाळी लिफ्टवाल्याने अंडी उकडली, पावाला लोणी लावलं, काकडी कापली. संत्री मुद्दाम दोन घेतली. गाडीत दोघं समोरासमोर बसली. त्याने खिशातून पुस्तक काढलं, तिच्याकडे पाहिलं, परत खिशात घालायला लागला.

"पुस्तक माझ्याकडे द्या," ती म्हणाली.

बारा दिवसांत ती आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य होतं. तो इतका खूश झाला की पुस्तक देताना त्याचा हात डब्यावर आपटला.

गाडी डोंगर चढायला लागली. पहिला बोगदा आला. चष्मेवालीने पुस्तक उघडलं नाही, ती काही बोललीही नाही. खरा बोगदा खेळातल्यासारखा नव्हताच. रुळांचा खडखडाट कानठळ्या बसवत होता आणि काचेत आपलाच चेहरा दिसत होता. दुसरा गेला, पाचवा गेला. एक आजोबा बोगदा आला की तोंडाने गाडीची शिट्टी वाजवत होते आणि त्यांची सून दर वेळी कपाळाला हात लावत होती. लिफ्टवाला आशेने प्रत्येक बोगद्यात डोळे मिटायचा, "संपला" ऐकू येत नाही म्हटल्यावर आपले आपण उघडायचा. नवव्यानंतर त्याने संत्रं सोलून फोडी रुमालावर मांडल्या. दहा निघाल्या. त्याने दुसरंही सोलून ठेवलं.

अकरावा बोगदा संपला तशी डब्यात गडबड सुरू झाली. माहीतगार लोक डावीकडच्या खिडक्यांशी गोळा होऊ लागले. लिफ्टवाला बाकाच्या कडेवर सरकला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. आता तो तिला दाखवणार होता. डावीकडे बघ म्हणणार होता, तिच्या तोंडाकडे बघणार होता, आणि तिला आवडलं की सगळं फिटलं असं समजणार होता.

चष्मेवालीने पुस्तक उघडलं. बारीक टायपात बोट ठेवलं.

"बोगदा," ती म्हणाली.

"अगं, तो आता बोगदा नाही राहिला. मी सांगितलं ना, छत..."

"पुस्तकात आहे. डोळे मिट."

लग्नाला तीस वर्षं होत आली होती. भांडणात, तापात, हसण्याच्या भरात, कधीही तिने त्याला 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. लिफ्टवाल्याने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने डोळे मिटले आणि हात पुढे केला. तिने त्यावर एक फोड ठेवली. नियम तो नियम.

दोन्ही बाजूंना काळ्या दगडी भिंती आल्या. वर आभाळ होतं आणि ऊन सरळ त्याच्या मिटलेल्या पापण्यांवर पडत होतं. मग डावीकडची भिंत संपली.

सरोवर निळं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं दोघांनी ते निळं धरलं होतं, आणि ते हिरवं निघालं, जुन्या बाटलीच्या काचेसारखं. त्यांनी मानलं होतं त्याहून पुष्कळ मोठं होतं. पलीकडचा काठ धुक्यात होता आणि मधोमध एकच होडी, तीही थांबलेली. अहो, हिरवं आहे, असं म्हणायला तिचा हात आपसूक त्याच्या गुडघ्याकडे गेला. मग तिला आठवलं की ते हिरवं आहे हे त्याला दोन वर्षांपासून माहीत आहे, आणि तरीही दर रविवारी त्याने तिला निळंच म्हणू दिलं होतं. तिने हात मागे घेतला. ती एकटीने बघत राहिली. त्याच्या तोंडाकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

गाडी थांबली. रूळ संपले. माणसं सामान काढायला लागली, आजोबांनी शेवटची शिट्टी वाजवली.

"संपला?" लिफ्टवाल्याने विचारलं. डोळे मिटलेलेच होते.

चष्मेवालीने पुस्तक मिटून त्याच्या शेजारी ठेवलं, आपली पिशवी काढली आणि ती उतरली. फलाटावरून तिने एकदा वळून पाहिलं. खिडकीत तो तसाच बसला होता. हात पुढे केलेला, फोड हातावर, चेहऱ्यावर ऊन. तिने "संपला" म्हटल्याशिवाय तो डोळे उघडणार नव्हता, याची आता तिला खात्री होती. ते एवढं तरी खरं होतं.

तिने तोंड उघडलं. मग मिटलं. आणि कठडा धरून ती सावकाश उतार उतरायला लागली.